सायकल म्हणजे शेळी नव्हे

"अहो, सायकल म्हणजे काय शेळी आहे, कड्यावर चढायला?"

"शेळीला चाकं नसतात."

"म्हणून तर ती पडत नाही."

हे भांडण माझ्या धाकट्या जावेचं आणि भाऊजींचं. मधे नुसती पातळ भिंत. मला कान लावावा लागला नाही. जाऊ बोलली की माझी भांडीसुद्धा ऐकायची.

भाऊजींचं सायकल दुरुस्तीचं दुकान. गिऱ्हाईक कमी, माश्या जास्त. जाऊ म्हणायची, दुकान मोडा, शहरात कारखान्यात लागा. भाऊजींच्या डोक्यात वेगळंच चाक फिरत होतं. डोंगराच्या धारेधारेनं, दोन उंच खिंडी ओलांडून सायकलची वाट काढायची. बाहेरच्या स्वारांना ती आवडली की दुकान चाललंच. फावडं घेऊन एकट्यानं वाट काढलीही.

"त्यांनी नाक मुरडलं तर मी म्हणेन ते," जाऊ म्हणाली.

"कबूल."

स्वार आले. त्यांची म्होरकी एक उंच मुलगी. तिच्या सायकलच्या चाकात बशीएवढी चकती, ब्रेक त्या चकतीलाच धरायचा. भाऊजी असलं पहिल्यांदाच पाहत होते. हरखून त्यांनी सायकल लख्ख पुसली, आणि फिरेल त्याला तेल घालावं ही वडिलांची शिकवण, म्हणून चकतीलाही चांगलं तेल चोळलं.

भाऊजी वाट दाखवायला बरोबर निघाले. पहिल्या खिंडीपुढेही वाट चढतच होती; चढावर ब्रेक लागतो कशाला? दुसऱ्या खिंडीत, उतार सुरू होताना पोरीनं तो दाबला.

"काका, हा नुसता हसतोय, धरत नाही. चकतीला तेल कुणी लावलं?"

"मीच. अगदी मुरवून."

मागून कुणीतरी म्हणालं, "चला, पायीच उतरू." पायी उतरले म्हणजे वाट बुडाली, दुकान बुडालं.

भाऊजींनी डब्याची पिशवी उपसली. तळाशी फडक्यात साबणाची वडी. काळ्या हातांनी जेवू नये म्हणून जावेनं घातलेली. प्यायच्या पाण्यानं चकती धुतली, ब्रेकचे तेलकट तुकडे काढून खरबरीत खडकावर घासघास घासले. परत बसवून दाबलं, तर ब्रेक किंचाळला.

"ओरडतोय म्हणजे जिवंत आहे," भाऊजी म्हणाले.

खाली आम्ही दोघी मान वर करून उभ्या. धारेवरून ठिपके सुटले ते थेट आमच्याकडे, मागे धुळीची शेपटी. माझं काळीज त्यांच्याहून जोरात पळत होतं.

"ताई, पुढचा आपला आहे का हो?"

"एवढा वेडा आपल्याच घरचा असणार."

म्होरकी पायउतार झाली, तोंडभर धूळ. "काका, उद्या पुन्हा."

ब्रेकची गोष्ट ऐकून जाऊ भाऊजींना एवढंच म्हणाली, "साबण संपवलात की उरलाय?"

दुकानात मग माश्यांना जागा उरली नाही. दर मोसमाआधी भाऊजी फावडं बांधून वाटेवर पडलेले दगड काढायला जायचे. वडी बरोबर असायचीच. गुडघे कुरकुरायला लागले तरी जायचे. शेवटच्या खेपेलाही गेले. संध्याकाळी आले, सायकल भिंतीला टेकवली, कोपरापर्यंत हात धुतले आणि उरलेली वडी खिडकीत वाळत ठेवली.

"खिंडीतला दगड काढलाय," म्हणाले, आणि जेवायला बसले.