बसून पाहिलेली स्पोर्ट्स कार

आजोबांची आठ सिलिंडरची अमेरिकन गाडी विकून नवी स्पोर्ट्स कार घ्यावी का, हे विचारायला मी इंदूरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. नमुन्यादाखल मित्र त्याची नवी कार घेऊन आला होता.

मिस्त्रींनी जुन्या गाडीच्या बॉनेटला कान लावला, डोळे मिटले. "खोकते जरा, पण दिल मजबूत आहे."

मग ते नवीत बसले. सीट इतकी खाली, की त्यांना बाहेरच येता येईना. शेवटी आम्ही दोघांनी हात धरून त्यांना ओढून काढलं.

पायजमा झटकत ते खास इंदुरी ढंगात, गंभीरपणे म्हणाले, "गाडी एकदम झकास आहे, भिया. उमर किती तुमची?"

"बावन्न."

त्यांनी जुन्या गाडीचं बॉनेट उघडलं आणि ते कामाला लागले.