रॅक क्रमांक चार

रॅक क्रमांक चारची गोष्ट मी आजवर शेकडो माणसांना सांगितली आहे. जुन्नर-आंबेगावकडच्या वाचनालयांची माणसं जमली, की सांगतेच. प्रशिक्षणाचा अर्ज कसा भरायचा, अनुदानाचा प्रस्ताव कसा लिहायचा, हे मी त्यांना शिकवते. सकाळच्या चहाआधी रॅकचा फोटो पडद्यावर येतो. कललेला लोखंडी रॅक, खाली पुस्तकांचा ढीग. माणसं चुकचुकतात. मग मी सांगते – फिटरचा निष्काळजीपणा, सहकारी बाईंचा हात, आणि त्यानंतर आम्ही पाठपुरावा करून मिळवलेलं फर्निचरचं अनुदान.

ती गोष्ट खोटी आहे. खरी मी कोणालाच सांगितलेली नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी माझ्याबद्दल. मी यादी केल्याशिवाय दिवस सुरू करत नाही. सकाळी वहीत कामं लिहायची, झालं की पुढं बरोबरची खूण. सव्वीस वर्षं ग्रंथपाल आहे, सगळ्या वह्या जपून ठेवल्या आहेत. वाचनालयात वाद झाला, की आमचे अध्यक्ष म्हणतात, "मॅडमची वही काढा." वहीत असेल ते खरं, असा आमच्याकडे रिवाजच पडला आहे. हे लक्षात ठेवा. पुढं लागेल.

सुमन माझी सहायक. मढची. घरची भातखाचरं, थोडी नाचणी. रोज सकाळच्या एसटीनं यायची. बारावी झालेली, बाकी सगळं मी शिकवलेलं. दाखल क्रमांक टाकणं, कार्डं करणं, फाटलेलं पुस्तक शिवणं. अक्षर असं, की तिनं लिहिलेलं कार्ड वाचक हातात धरून उगाच बघत बसायचे. मला तिचं कौतुक होतं. खरंच होतं – नाही, थांबा. तिनं मला विचारून काम केलं, की कौतुक वाटायचं. न विचारता चांगलं केलं, की नाही.

आठ वर्षांपूर्वी जुन्नरच्या बैठकीत माझ्या हातात एक पत्र पडलं. पुण्यात सहा आठवड्यांचं निवासी प्रशिक्षण. संगणकावर ग्रंथसूची, प्रस्तावलेखन, सगळं. राहणं-जेवण मोफत, वर विद्यावेतन. एका तालुक्यातून एकच नाव, आणि चाळिशीच्या आतल्या कर्मचाऱ्याला प्राधान्य. मी शेहेचाळीस वर्षांची होते. सुमन चौतीस.

आमच्याकडे नियम आहे, नियम मीच घातलेला – उंबऱ्याच्या आत आलेला कागद आधी आवक नोंदवहीत चढवायचा, मग वाचायचा. ती वही सुमनकडे असायची. ते पत्र मी पिशवीतून काढलंच नाही. चार दिवस ते डबा आणि छत्रीच्या मधे राहिलं. पाचव्या दिवशी मी स्वतःचा अर्ज भरला आणि पुण्याला जाऊन हातानं देऊन आले. त्या दिवशीच्या यादीत लिहिलं होतं, "पुणे – दातांचा डॉक्टर". पुढं बरोबरची खूण.

का केलं? ती संगणक शिकून आली असती, तर मी तिला काय शिकवणार होते? आमच्या कामात पगार नावापुरता असतो. असते ती खुर्ची. त्या खुर्चीला कोणी विचारायला येतं, ते सुख. मला ते सोडायचं नव्हतं. बस, एवढंच होतं.

हे लपवलं, इथवर तुम्ही मला माफ कराल कदाचित. माणसं पत्रं दडवतात. पण मी ज्यासाठी लिहायला बसले आहे, ते हे नाही.

अर्जाची मुदत संपल्यावर आठवडाभरानं आमची ग्रंथपडताळणी चालू होती. वर्षातून एकदा सगळी पुस्तकं कपाटातून हातानं मोजून नोंदवहीशी ताडून बघायची असतात. दोन माणसं लागतात. एकानं पुस्तक उचलून क्रमांक वाचायचा, दुसऱ्यानं वहीत खूण करायची. दुपारी वाचनालय बंद असतं, तेव्हा आम्ही ते करायचो. दार आतून लावलेलं. सुमन रॅक क्रमांक चारच्या एका बाजूला फरशीवर बसलेली, खालचा खण वाचत. तिच्या पाठीशी हातभर अंतरावर रॅक क्रमांक तीन. मी चारच्या दुसऱ्या बाजूला, खिडकीच्या भिंतीला पाठ करून उभी, हातात वही. आमच्यामध्ये पुस्तकं.

हे रॅक एका टोकाशी भिंतीला क्लॅम्पनं बांधलेले असतात. रंगकामासाठी पेठच्या रामदासनं पंधरा दिवसांपूर्वी ते सोडले होते. रामदास म्हणजे आमचा फॅब्रिकेटर, ग्रील-गेट करणारा. रंग झाला त्या संध्याकाळी त्यानं विचारलं होतं, "मॅडम, क्लॅम्प बशिवतो, मगच जातो." मी म्हटलं, राहू दे, पडताळणीत रॅक हलवावे लागतील, झाल्यावर लाव. तो म्हणाला, "वरच्या खणात जड बाइंडिंग हायती, जरा संभाळून." मी हो म्हटलं होतं.

सुमन क्रमांक वाचत होती.

"चार हजार एकशे बारा."

"आहे."

"चार हजार एकशे तेरा. मॅडम, पुण्याच्या ट्रेनिंगचं पत्र आलं व्हतं का आपल्याकडं?"

मी खूण केली. म्हटलं, "कसलं पत्र? पुढं वाच."

"चार हजार एकशे चौदा. मंचरच्या वाचनालयातल्या ताईंचा फोन आलता. म्हनल्या, तुमच्या तालुक्यातनं मॅडमचं नाव लागलंय, अभिनंदन सांग."

मी वहीत खूण केली. मग खालून आवाज आला, शांत.

"चार हजार एकशे पंधरा. आवक वहीत न्हाई ते. मी बघितलं."

मी म्हटलं, घाईत राहिलं असेल. आणि तेव्हा ती हसली. मोठ्यानं नाही. नाकातून हसतात, तसं. "तुमच्या हातनं राहून जाईल व्हय? दातांच्या डॉक्टरला गेल्तात न्हवं त्या दिवशी? मॅडम, एवढं भ्या वाटलं व्हय माझं? आवं, मागितलं असतं तर मीच दिलं असतं तुमाला. न्या म्हनले असते."

न्या म्हणाली असती! तिनं मला द्यावं?

इथून पुढचं मी हळू लिहिते, कारण इथंच मी आठ वर्षं खोटं बोलते आहे. स्वतःशीसुद्धा. स्वतःला मी सांगत आले, की तो एका क्षणाचा राग होता, हात कसा गेला कळलंच नाही. कळलं होतं. मी पेनाला टोपण लावलं. वही खिडकीत ठेवली. चष्मा काढून वहीवर ठेवला. मग दोन्ही तळवे वरच्या खणाच्या पट्टीला लावले आणि ढकललं.

रॅक हलला. हलला आणि परत आला. लोखंड जड असतं, एका धक्क्यात जात नाही. वरची दोन पुस्तकं धप्पकन पडली. सुमन खालून म्हणाली, "मॅडम, रॅक हालतोय, धरा, धरा –"

धरा, म्हणाली ती. मीच तिला वाचवीन, असं तिला वाटत होतं.

मी एक पाय मागच्या भिंतीला टेकवला आणि दुसऱ्यांदा ढकललं. पूर्ण अंगानं.

सात फुटी रॅक गेला. वरचे बांधीव खंड आधी सुटले, दगडांसारखे. तिनं रॅक थोपवायला उजवा हात वर केला होता. चार जाऊन तीनवर आदळला आणि दोन्हीच्या लोखंडी कडांमध्ये तो हात सापडला. आवाज कसा झाला, ते मला लिहायचं नव्हतं, पण यादीत ठेवलं आहे, म्हणून लिहिते. ओली काटकी गुडघ्यावर मोडावी, तसा. एकदा नाही, तीन-चारदा. मग तिची किंकाळी. ती मात्र लांबलचक, संपेचना. पुस्तकांच्या पानांवर रक्त उडालं होतं. चष्मा नव्हता, तरी मला दिसत होतं.

आणि मला कसं वाटलं? बरं वाटलं. श्वास दोन-तीनदा आत-बाहेर होईस्तोवर – मला बरं वाटलं. हे मी कुठल्या तोंडानं कोणाला सांगणार होते?

मग मी चष्मा घातला, दार उघडलं आणि आरडाओरडा केला.

नारायणगावच्या दवाखान्यात तिची दोन बोटं काढावी लागली. उरलेली वळत नाहीत. अध्यक्षांनी दवाखान्याच्या बाकावरच विचारलं, "मॅडम, क्लॅम्प कसे नव्हते?" मी म्हटलं, रामदासला लावायला सांगितलं होतं. ते म्हणाले, "वहीत असंल ना?" मी म्हटलं, आहे. घरी गेले, मागच्या आठवड्याच्या पानावर खाली एक ओळ लिहिली – "रामदासला क्लॅम्पसाठी फोन". पुढं बरोबरची खूण. तेच पेन होतं, शाई वेगळी दिसण्याचा प्रश्न नव्हता.

सुमनच्या दोन भावांना वहीपर्यंत यायची गरजच पडली नाही. अध्यक्षांच्या तोंडून ऐकलं तेवढं पुरलं. पेठला रामदासच्या शेडवर गेले आणि त्याच्याच पाइपानं त्याला मारलं. बरगड्या, जबडा. पुढचे चार दात गेले. शेजारच्या गॅरेजवाल्यानं सोडवलं, नाहीतर मेलाच असता, म्हणाले लोक. मी ते वाचनालयात बसून ऐकलं. त्या दिवशीच्या यादीत अकरा कामं होती. सगळी झाली.

महिन्यानं रामदास स्वतः आला. जबडा तारेनं बांधलेला, शब्द दातांच्या फटीतून यायचे. दोन वाचक पेपर वाचत होते. तो काउंटरला धरून उभा राहिला. "मॅडम, तुमीच म्हनला व्हता ना, पडताळणीनंतर लाव म्हून? का माझ्याच ध्यानात चुकतंय?"

तेव्हाही मी खरं बोलू शकले असते. मी वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यापुढं फिरवून ठेवलं. त्यानं बोट ठेवून ती ओळ वाचली. ओठ हलवत, एकेक अक्षर. पेपर वाचणारे पण मान वर करून बघायला लागले होते.

"लिवलंय म्हंजे आसंल," तो म्हणाला. "माझंच चुकलं आसंल मग. लई वंगाळ झालं माझ्या हातनं." आणि दारात जाऊन, सुमन बसायची त्या रिकाम्या खुर्चीला त्यानं हात जोडले.

पोलिसात तो गेला नाही. भावांनी मारलं ते योग्यच, असं तो अजून म्हणतो. मी ऐकलं आहे.

पुढच्या महिन्यात मी प्रशिक्षणाला गेले. पहिल्या आठवड्यात प्रस्तावलेखन होतं. सरावासाठी खरं उदाहरण आणा, म्हणाले. मी रॅकचा फोटो नेला. प्रस्ताव सगळ्यांत चांगला ठरला, आणि खरोखरच मंजूर झाला. आज आमच्याकडे नवे रॅक आहेत, जमिनीत बोल्ट मारलेले. फोटो इतका परिणामकारक होता, की मला इतर वाचनालयांना शिकवायला बोलावू लागले. तिच्या हातावर मी आठ वर्षं उभी आहे, असं कोणी म्हणालं तर मी काय उत्तर देऊ?

मागच्या महिन्यात लेण्याद्रीच्या पायथ्याशी एका सभागृहात वर्ग होता. हजेरीच्या यादीत शेवटचं नाव वाकडं-तिकडं, डाव्या हातानं लिहिलेलं. मढच्या छोट्या वाचनालयाचं काम आता सुमन बघते, हे मला माहीत नव्हतं. ती दुसऱ्या रांगेत बसली होती. उजवा हात पदराखाली.

मी तो फोटो वगळायला हवा होता. वगळला असता, तर तिला वाटलं असतं – काय वाटलं असतं? बोट आपोआप गेलं, फोटो आला. मी नेहमीचं बोलले. क्लॅम्प, फिटर, निष्काळजीपणा. कोणीतरी मागून विचारलं, "पण मॅडम, आपोआप कसा पडला?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात सुमन उभी राहिली.

"मी व्हते ना खाली. मी सांगते," ती म्हणाली. सगळे वळले. "रॅक एकदा हालला. हालून परत सरळ उभा राह्यला. मी म्हनलं, मॅडम, धरा. मग पडला."

एवढंच. आवाज तोच, क्रमांक वाचायचा. सभागृहात लोखंडी रॅकशी रोज काम असलेली चाळीस माणसं होती, पण कोणाच्या काही लक्षात आलं नाही. रॅक कलतो तो कलतोच. हलून सरळ उभा राहिलेला रॅक आपला आपण पुन्हा पडत नाही. हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं, आणि सुमनलाही ते आठ वर्षं माहीत होतं, हे मला तेव्हा कळलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. पडद्याकडे बघत होती. मग खाली बसली, डाव्या हातानं पेन उचललं आणि म्हणाली, "हं मॅडम. पुढचं सांगा."

मी पुढची स्लाइड लावली. यंदाच्या निवासी प्रशिक्षणाच्या अटी होत्या. पहिली अट वयाची – चाळीस पूर्ण झालेल्यांनी अर्ज करू नये. सुमन आता बेचाळीसची होती. मी ती अट मोठ्यानं वाचली.