चाँदभाईच्या खोलीतलं वजन

मी नलिनी, कोळवणच्या अंगणवाडीची बाई. माझं तोंड फाटकं हाय हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक, आणि त्याच तोंडानं मी आसमाला नको ते बोलले. ते अजून जिवाला लागून राहिलंय.

तिचा सासरा चाँदभाई भाताचा मापाडी. चाळीस वर्षं इथला तांदूळ त्याच्याच तराजूवर तोलला गेला. फार्महाऊसवाल्यांनी वजनाची मशिनं आणली तरी हा आपली लोखंडी मापंच लावायचा. "मशीन खोटं बोलतं, बाई. दोन पारडी एकमेकींसमोर खोटं बोलत न्हाईत," म्हणायचा. उरुसाला नवसाची लेकरं गुळानं तोलायचा मानही त्याचाच. लई हट्टी, पण एक दाणा इकडचा तिकडं करणार न्हाई.

त्याची नात मेहविश दोन वर्षांची. जानेवारीत अंगणवाडीत दहा किलो भरली. मग यायची बंद झाली, म्हणून मीच स्प्रिंगचा काटा घेऊन घरी गेले. तांदळाच्या खोलीत आढ्याला टांगला. आठ. पुढल्या महिन्यात तिथंच पाच.

"आई हायेस का वैरीण? घास जातो का न्हाई पोरीच्या पोटात? उद्याच दवाखान्यात टाकते हिला!" मी आसमावर ओरडले. पोरगी तर चांगली गुबगुबीत दिसत होती. दिसूनही मी ओरडत होते, मेलं माझं डोकं!

चाँदभाईनं मेहविशला एका पारड्यात बसवलं, दुसऱ्यात दहाचं माप ठेवलं. दांडी सरळ. मग तेच माप माझ्या काट्याला अडकवलं. पाच!

काटा आणि माप अंगणात नेलं. दहा. पुन्हा आत आणलं. चार.

"पोर हाय तेवढीच हाय," तो हळूच म्हणाला. "या खोलीत जमिनीचं ओढणंच कमी झालंय. तराजूत दोन्हीकडं सारखंच कमी, मला कळणार कसं? पोती उचलताना जोर लागत न्हवता, तर वाटलं, अल्लानं म्हातारपणी ताकद दिली."

दहा किलोचं माप मंगळावर पावणेचार भरतं, चंद्रावर पावणेदोनसुद्धा न्हाई, हे मला ठाऊक होतं. आणि समोर काटा पावणेचार ओलांडून खालीच निघाला होता.

"पळा गं बाई, पळा!" आसमाला ओढत मी उंबऱ्याबाहेर पडले.

मेहविशला उचलून चाँदभाई मागं येत होता. त्यानं पाऊल टाकलं, ते जमिनीला टेकलंच न्हाई. दुसरंही न्हाई. उघड्या पोत्यातनं तांदूळ वर येऊन त्याच्याभोवती तरंगायला लागला. त्यानं एकदा सुनेकडं पाहिलं आणि पोरीला दोन्ही हातांनी दाराकडं ढकललं. पोर हसत हसत हवेतनं आली. उंबरा ओलांडताच धपकन आसमाच्या कुशीत पडली. त्या ढकलण्यानं तो मात्र उलटा मागं गेला, वर आढ्याच्या अंधारात.

"चाँदभाई!" मी किंचाळले.

"बाई, वहीत दहा लिवा," वरून आवाज आला. अगदी शांत. "माझ्या सुनेला बोल लागता कामा न्हाई."

मी तिथंच मातीत बसले. वही उघडून मेहविशचं नाव काढलं. दहा लिहिलं.

"लिवलं, चाँदभाई!" मी ओरडून सांगितलं. "दहा लिवलं!"

आतनं कुणी ओ दिली न्हाई.