मुंगी न लागलेलं फळ

आमच्या अहेरीकडच्या आश्रमशाळेतली ही स्वयंपाकीण माझ्यासमोर कधी खुर्चीवर बसली नाही. मी अधीक्षिका, म्हणून वाक्याच्या आधी ‘बाई’ आणि शेवटीही ‘बाई’. तांदूळ निवडायला ती इतका वेळ घ्यायची की मी रोज करवादत असे.

एकदा आम्ही शाळेची सगळी मंडळी जहाजाने अंदमानला गेलो. पोर्ट ब्लेअरला पोहोचलो त्या दिवशी काहीच बघायचं नव्हतं. ऊन छान होतं, लोक किनाऱ्यावर पसरले होते आणि ही माझ्यापासून हातभर लांब, वाळूत उकिडवी बसली होती. मला एका झाडाखाली कैरीसारखी हिरवी फळं दिसली. मी एक उचलून पुसलं, चिरलं, पुडीतलं तिखटमीठ लावलं आणि फोड तोंडाशी नेली.

तिने माझ्या हातावर फाडकन मारलं. फोड वाळूत उडाली.

“पागल झालीस का?” मी ओरडले.

“इतके पडून आहेत, एकाले मुंगी नाई, पाखराची चोच नाई. काऊन नाई, बाई? जनावरानं सोडलं ते माणसानं खावं का?”

शेजारच्या नारळवाल्याने फळ पाहिलं. “इसको खाके लोग जान देते हैं, मॅडम.”

बाटलीतल्या पाण्याने मी हात घासत सुटले. ती माझ्या लाल झालेल्या मनगटाकडे बघत उभी होती.

“मी हात उचलला, बाई. मोठ्या सरांले नका सांगू. काम जाईल माहं.”