देवळाच्या पायरीवर मिळालेला पत्ता

यजमान गेल्यानंतर वर्षभर मी देवापुढे दिवा लावत होते तो केवळ सवयीनं. हात जोडले तरी मनात काही उमटायचं नाही. घरातली सगळी कागदपत्रं, कचेऱ्या, अर्ज हे त्यांचंच काम होतं. मी कधी कुठल्या टेबलासमोर उभी राहिले नव्हते. ज्यानं त्यांना नेलं त्याच्याकडे मागायचं तरी काय, असा एक राग आत बसून होता. तो मी कुणाला सांगितला नाही. पुढचं सांगायचं तर आधी हे कबूल करायला हवं.

आमच्या परभणीच्या घरी वरच्या खोलीत दर हिवाळ्यात पेमा राहायला येते. ती तिबेटी आहे. दिवाळीनंतर तिची माणसं कर्नाटकातल्या त्यांच्या वसाहतीतून येतात, मैदानावर स्वेटरांची दुकानं मांडतात आणि संक्रांत झाली की परत जातात. सात वर्षांची असताना मामाचं बोट धरून ती बर्फाचे डोंगर ओलांडून या देशात आली. आता तिची लेक कॉलेजात आहे, तरी पेमा अजून निर्वासितच. तिच्याकडे सरकारनं दिलेलं एक नोंदणीचं पुस्तक असतं. तिनं इथं राहायचं ते त्या पुस्तकाच्या आधारावर, आणि मुदत संपायच्या आत ते नवं करून घ्यावं लागतं. गेल्या हिवाळ्यात नांदेडहून माल घेऊन येताना पूर्णा जंक्शनवर तिनं रेल्वेगाडी बदलली आणि त्या धांदलीत तिची खांद्यावरची पिशवी गेली. पुस्तक त्या पिशवीत होतं. मुदत संपायला पंधरा दिवस उरले होते.

दुसरं पुस्तक मिळायला आधी पहिलं हरवल्याची पोलिसांतली नोंद लागते. आम्ही दोघी एका ठाण्यात गेलो. तिथले हवालदार म्हणाले, "गाडीत हरवलं ना? मग रेल्वेकडं जा." रेल्वेच्या चौकीतल्या पोलिसांनी विचारलं, "गाडीतच हरवलं कशावरून?" पुन्हा पहिल्या ठाण्यात गेलो, तेव्हा ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, ही बाहेरच्या देशाची. तुमी कशाला भानगडीत पडायलाय?" मी मान खाली घालून बाहेर आले. यजमान असते तर बोलले असते.

घरी आल्यावर पेमानं चहा केला. कप हातात धरून ती म्हणाली, "ताई, पुस्तक नाही तर मी कुठली? तिकडची नाही, इकडची पण नाही." मग विचारलं, "काहीच होत नाही तेव्हा तुम्ही कुठे जाता?"

माझ्या तोंडातून निघालं, "चारठाण्याला." लहानपणी आई मला तिथल्या जुन्या महादेवाच्या देवळात न्यायची. लग्नानंतर मी तिकडे फिरकलेही नव्हते. ते नाव कसं ओठांवर आलं, मला माहीत नाही.

सोमवारी सकाळी जिंतूरवरून चारठाण्याला जाणारी एसटी धरली. बाहेर इतकं धुकं होतं की तुरीची शेतं दिसत होती की मला आठवत होती, कळेना. खिडकीला डोकं टेकवून पेमा हळू आवाजात तिचा मंत्र म्हणत होती. त्या आवाजात मला पेंग येत होती आणि पेंगेत वाटत होतं, आपण जिंतूरला नाही, तिच्याच डोंगरातून चाललोय. पुढे मामा आहे, मागे एक लहान मुलगी आहे आणि ती मुलगी मीच आहे.

देवळात कुणी नव्हतं. दगड थंड होते. पिंडीवर कुणीतरी सकाळीच बेल वाहून गेलं होतं. पेमा आपल्या रीतीनं आडवी झाली, कपाळ दगडाला लावलं, उठली, पुन्हा आडवी झाली. हा तिचा देव नव्हे, असा विचार तिच्या चेहऱ्यावर नव्हता. मी खांबाला टेकून बसले. वर्षभरात पहिल्यांदा मनात शब्द आले: "मला यातलं काही जमत नाही. आता तूच बघ." तेवढंच. नंतर किती वेळ गेला, सांगता येणार नाही. पाठीमागचा खांब उबदार लागायला लागला. झोप नव्हती, पण जागही म्हणवत नाही. रडू आलं आणि त्याची लाज वाटली नाही.

बाहेर आले तर पायरीवर एक म्हातारी बसली होती. शेजारी हरभऱ्याच्या टहाळ्याची पेंढी. तिनं आमच्या दोघींकडे पाहिलं आणि चार डहाळ्या पुढे केल्या.

"खा माय. रडू नगंस. काय झालं?"

अनोळखी माणसाला मी कधी घरचं सांगत नाही. तिला सगळं सांगितलं. ती घाटे सोलत ऐकत होती.

"मग कोर्टात जावं की," ती म्हणाली. "परभणीच्या कोर्टात फुकट वकील देतेत. बाईमाणसाचा तर हक्कच हाय त्यो. माझ्या लेकीला नवऱ्यानं हाकललं तवा मी गेल्ते. तू कुठली, कोण जातीची, कायबी इचारलं न्हाई." आणि पेमाकडे वळून म्हणाली, "जा बाई, लय चांगली माणसं हायेत."

तेवढ्यात एसटी आली आणि आम्ही पळालो. तिचं नाव विचारायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात फुकट वकील देणारी ती खोली सापडली. एका तरुण वकीलबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मी भीत भीत विचारलं, "ही भारताची नागरिक नाही. चालेल का?" त्या म्हणाल्या, "काकू, कायदा बाईमाणूस म्हणतो. नागरिक असली पाहिजे असं म्हणत नाही." त्यांनी अर्ज लिहिला आणि स्वतः आमच्याबरोबर ठाण्यात आल्या. तेच हवालदार होते. घरमालकीण म्हणून मला जबाब द्यायला सांगितलं. मी त्या टेबलासमोर उभी राहिले आणि बोलले, "ही बारा वर्षं माझ्या घरी येते. मी हिला ओळखते." नोंद झाली. शिक्क्याची प्रत पेमानं दोन्ही हातांनी घेतली आणि कपाळाला लावली.

ती मुदतीच्या आत वसाहतीत पोचली आणि तिथल्या कचेरीत ती प्रत दिली. महाशिवरात्रीच्या सुमारास तिचा फोन आला: "ताई, नवं पुस्तक मिळालं." नंतर ती बराच वेळ नुसती हसत होती.

त्यानंतर मी पेढे घेऊन चारठाण्याला गेले. खरं सांगते, ती म्हातारी सापडणार नाही अशीच माझी खात्री होती, आणि मनातून मला तसंच हवं होतं, म्हणजे तिला देवानंच पाठवलं असं म्हणता आलं असतं. पण देवळापासून दुसऱ्याच गल्लीत ती दारात गवऱ्या रचत होती. मी पाया पडले, तशी ती दचकली. सगळी हकीकत सांगितली. तिला काहीच आठवेना.

"मी म्हणले व्हय असं? आसंल बाई," ती म्हणाली, पेढा घेतला आणि पुन्हा गवऱ्यांकडे वळली.

परतताना एसटीत वाटलं, जिच्या तोंडून आलं तिलाही ते ठाऊक नव्हतं. मग ते बोलणं कुणाचं, हे मी ठरवत बसले नाही. मी मागितलं आणि मला मिळालं, एवढं मला माहीत आहे. आता संध्याकाळी दिव्यापुढे बसले की पुष्कळ बोलते. यजमानांबद्दलही बोलते.