खात्यातलं मुकं बोलणं

टेप मागं फिरवून लावली, तर आमच्या चाळीतल्या बायांचा एक शब्द त्यात नव्हता. पहिलं थोडं लाजणं-खिदळणं, मग नुसत्या घोषणा. संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!

सोमवार सकाळ. अकराला निर्मलाताईंचे सर येणार होते. ताई मटकन खुर्चीत बसल्या.

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत त्यांच्या लॅबमध्ये झाडायला-पुसायला होते. आधी बारा वर्षं लालबागला गिरणीत, वाइंडिंग खात्यात. सूत बॉबिनवर भरायचं काम. डावा कान तिथंच गेला. मग नवीन मशिनं आली, बाया कमी केल्या, त्यात मी गेले. नवरा आधीच वारला होता. पोरी दोन. लॅबचं काम मिळालं, ते धरलं.

ताई माणसाचं बोलणं शिकत होत्या. हे काय शिकायचं, असं मला वाटायचं. पण त्या टाळ्याला कोळशाची पूड लावून आरशापुढं बसायच्या. एकच अक्षर बोलायच्या, जीभ कुठं टेकली ते बघून कागदावर काढायच्या. तोंड पुसून परत तेच. दिवस दिवस. एवढी चिकाटी मी गिरणीतसुद्धा बघितली नव्हती.

सरांनी बजावलं होतं, "गिरणगावातलं खरं बोलणं सोमवारपर्यंत आणा, नाहीतर हा विषय बंद." म्हणजे ताईंची दोन वर्षं फुकट. म्हणून रविवारी मीच त्यांना चाळीत नेलं. टेपचं मशीन जड, मी डोक्यावर घेतलं. बाया रंगात आल्या आणि खालून मोर्चा आला.

"तोंडं तर हलत होती," ताई म्हणाल्या. "मला वाटलं, गलक्यात मलाच ऐकू येत नाही. माइक पकडेल."

मी कपाळाला हात लावला. "ताई, आवाज नव्हताच. गलका झाला की आम्ही आवाज काढायचं सोडतो. खात्यात मशिनं एवढी वाजतात, ओरडून काय उपयोग? ओठ मोठे हलवायचे, समोरचीनं बघायचे. सवयच ती. कुणाच्या लक्षात नाही आलं."

वाटलं, आता रडतील. त्या उठून उभ्या राहिल्या.

"आणि तुम्हाला सगळं कळत होतं?"

"न कळायला काय? चंद्रा सासूला शिव्या देत होती."

"त्या चंद्राबाईंना आत्ताच्या आत्ता घेऊन या."

चंद्रा माझी शेजारीण, मालवणकडची. तिची गिरणीत दुपारपाळी होती, सकाळी घरीच असायची. हातातली भाकरी टाकून आली.

सर आले, सगळं ऐकून आधी हसले. "बोलण्याचा अभ्यास, आणि आवाजच नाही?"

"तुम्हीच परीक्षा घ्या, सर," ताई म्हणाल्या.

लॅबमध्ये जाड काचेची खोली होती, आतला आवाज बाहेर येत नसे. सर चंद्राला घेऊन आत जायला निघाले.

"गो बाय, माका हसू इला तर?" चंद्रा मला म्हणाली.

"हसलीस तर ताईंचं शिक्षण बुडेल."

ती पदर खोचून निघाली. आत सर तिच्या कानात एकेक वाक्य सांगायचे, ती काचेमागून ओठ हलवायची, मी बाहेर बोलून दाखवायचे. नळ जाईल, हंडा भरून ठेव. पोराला ताप आहे. डब्यात काय आणलंस? पाच वाक्यं बरोबर आली. सहावं काही लागेना.

सर बाहेर आले. "क्षितिज धूसर दिसते, असं सांगितलं होतं मी."

"हे आमच्यात कोण बोलणार, सर? ओठ अर्धंच सांगतात. बाई पुढं काय बोलेल ते ठाऊक असतं, त्यावरून बाकीचं कळतं."

ताईंची पेन्सिल भराभर चालू होती. "परत सांगा, अगदी असंच," त्या म्हणाल्या.

सरांनी चष्मा पुसला. "विषय बंद नाही करायचा. आता हाच करा."

पुढं दोन वर्षं ताई दर रविवारी चाळीत येऊन आमच्या तोंडाकडे बघत बसल्या. स्वतः शिकल्या, चंद्रा त्यांच्या चुका काढायची.

एकदा लॅबमध्ये सर याच विषयावर तासभर बोलत होते. त्यांच्या पाठीमागून ताईंनी आवाज न करता मला विचारलं, चहा झाला का? मी तसंच सांगितलं, आधण ठेवलंय, सर थांबले की आणते.

सरांना काही कळलं नाही. विषय त्यांनी मंजूर केला होता, शिकला नव्हता.