दुपारचं जोडतिकीट

पडदे शिवण्यात पडदेवाल्या काकूंचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं, आणि अबोला धरण्यातही.

नवरा होता तोवर त्यांनी दुकान सहसा बंद ठेवलं नाही. तो गेला, पुढे गुडघ्यांनी मशीन चालवायला नकार दिला, आणि काकूंच्या वाट्याला पहिल्यांदाच रिकाम्या दुपारी आल्या. त्याच सुमारास रेल्वेने साठी उलटलेल्यांसाठी जोडतिकीट काढलं. आडदिवशी, सकाळची गर्दी ओसरल्यावर निघायचं आणि संध्याकाळची गर्दी सुरू होण्याआधी परतायचं. दोघांना मिळून एकाचंच भाडं. अट एवढीच, की जाता-येता दोघं बरोबर हवीत.

काकूंनी शेजारणीबरोबर तळ्याच्या गावाला जायचं ठरवलं. स्टेशनवर पोचतात तो तिचा फोन : पाठीत उसण भरली, येत नाही. काकू तिकीटखिडकीपाशी घुटमळल्या. पुढची बाई तळ्याचंच तिकीट मागत होती. आवाज ओळखीचा वाटला. बघतात तर धाकटी जाऊ!

दोघींचं बोलणं बंद होऊन जमाना झाला होता. धाकटीने नवं घर घेतलं तेव्हा काकूंनी महिनाभर खपून तिला पडदे शिवून दिले होते. पुढे एकदा तिच्याकडे निघाल्या, तर तेच पडदे तिच्या शेजाऱ्यांच्या खिडकीला लटकलेले. काकू जिन्यातूनच माघारी फिरल्या. त्यानंतर दीर तेवढा अधूनमधून येऊन चहा पिऊन जायचा.

तिकीटवाल्याला यातलं काय ठाऊक? त्याने मागे पाहून विचारलं, ‘‘तुम्हाला कुठलं?’’

‘‘तळ्याचंच,’’ काकू म्हणाल्या.

‘‘मग दोघींत जोडतिकीट घ्या की! उगाच पूर्ण पैसे कशाला भरताय?’’

दोघींनी एकमेकींकडे न बघता आपापले पैसे पुढे सरकवले. भांडण जुनं होतं, भाडं आजचं होतं.

डबा जवळजवळ मोकळा होता. एक या टोकाला बसली, दुसरी त्या टोकाला. तिकीट तपासनीस चक्रावला. ‘‘बरोबर आहात ना?’’

‘‘तिकिटापुरत्या,’’ काकू म्हणाल्या.

उतरल्यावर त्यांनी फलकावरच्या परतीच्या गाडीकडे बोट दाखवलं, धाकटीने मान डोलावली आणि दोघी दोन दिशांना गेल्या.

गाव सुस्तावलेलं होतं. होड्या काठाला बांधलेल्या, निम्मी दुकानं बंद. काकूंनी बाकावर बसून डबा खाल्ला, पाणी पाहिलं. पाणी तरी किती वेळ पाहणार? त्या वेळेआधीच स्टेशनवर येऊन बसल्या. गाडी आली, धाकटी आली नाही. तिकीट काकूंच्या पर्समध्ये होतं, पण ते एकटीला चालणार नव्हतं. गाडी निघून गेली.

‘मुद्दाम केलं!’ काकूंचं डोकं तडकलं. त्या तरातरा गावाकडे निघाल्या. रागाने की काळजीने, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तळ्याकाठच्या जुन्या होड्यांच्या संग्रहालयाला कुलूप होतं. त्याच्या वरच्या मजल्यावरून, खिडकीच्या गजांमागून हाक आली, ‘‘ताई! अहो ताई!’’

‘‘अगं, तू आत काय करतेस?’’

‘‘मागच्या खोलीत जरा टेकले, तर डोळा लागला. राखणदार कुलूप लावून गेला. आडदिवशी आत कोण असणार, असं वाटलं असेल त्याला. माझा फोनही घरी राहिलाय.’’

समोरच्या दुकानदाराने राखणदाराला फोन लावला. त्याला यायला वेळ होता. काकू खाली पायरीवर बसल्या. त्यांनी एकदम विचारलं, ‘‘पडदे का देऊन टाकलेस?’’

‘‘आखूड होते.’’

‘‘काय?’’

‘‘वीतभर आखूड होते, ताई. तेव्हा तुमच्या दवाखान्याच्या खेपा चाललेल्या, दादांचं ते आजारपण. तुम्हाला कुठल्या तोंडाने सांगणार? म्हटलं, तुम्हाला कळायच्या आत दुसरे शिवून लावू.’’

‘‘माझे पडदे आखूड?’’ काकू उठून उभ्या राहिल्या. ‘‘मापं कोणी आणून दिली होती मला?’’

‘‘ह्यांनीच.’’

‘‘त्याने? अगं, त्याला साधा खिळा कधी सरळ ठोकता आलाय का? आणि तू त्याच्या मापांवर भरवसा ठेवलास?’’

‘‘तुम्हीही ठेवलातच की!’’

वर धाकटी हसू लागली. काकूंना हसायचं नव्हतं, पण त्याही हसल्या.

परतीचं भाडं पूर्ण भरावं लागलं, गाडी खच्चून भरलेली. मध्येच एक जागा रिकामी झाली. ‘‘तू बस’’, ‘‘नाही, तुम्ही बसा’’ करेपर्यंत तिसरीच बसली.

आता दोघी जोडतिकिटावर गावोगाव हिंडतात. धाकटी वाटभर बोलते, काकूंना डुलकी घ्यायची असते, त्यावरून रोज नवी कुरबुर. घरी आल्या की दिराचा प्रश्न ठरलेला असतो : ‘‘मला कधी नेणार?’’

‘‘जोडतिकीट आहे, भाऊजी,’’ काकू सांगतात. ‘‘रेल्वेने तिघांचं काढलं की बघू.’’